सहा किलोंची ओढ

घरी जोडायच्या कपाटाच्या माहितीपत्रकात माणूस नसतो, फक्त हात असतो. मनगटापाशी संपलेला. त्याला पाठ नाही म्हणून ती दुखत नाही, गुडघे नाहीत म्हणून ते फरशीवर घासत नाहीत, आणि तोंड नाही म्हणून त्यातून काही नको ते बाहेर पडत नाही. आमच्या पत्रकात शेवटून दुसऱ्या चित्रात या हाताने मॅग्नेट कॅच धरला होता. एक बाण, दोन स्क्रू, संपलं. सांगाडा उभा करायला पानंच्या पानं, आणि दार बंद राहील याची सोय बोटभर जागेत.

कॅच तसा गरीब दिसतो. अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी, आत फेराइट नावाच्या चुंबकाचा काळा तुकडा, त्याच्या दोन्ही अंगांना पोलादाच्या पट्ट्या. डबी कपाटाला लावायची, पत्र्याची छोटी चकती दाराला. दार लोटलं की पट्ट्या चकतीला भिडतात आणि चिकटतात. पाकिटावर लिहिलं होतं : ओढ सहा किलो.

ही सहा किलोंची ओढ चकती दोन्ही पट्ट्यांना सपाट टेकली तरच. मध्ये कागद सरकवा, ओढ लगेच खाली येते. दोन-तीन मिलिमीटरांचं अंतर ठेवा, चुंबक संन्यास घेतो. हा संन्यास मात्र फक्त चकतीपुरता. बाकीच्या जगाशी त्याचे संबंध अतिशय घनिष्ठ असतात. डबी बसवायला घेतलेला स्क्रू भोकाकडे न जाता टुणकन डबीच्या तोंडाला जाऊन बसतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक ऐन वेळी कललेलं असतं. माझ्या केसांतली पिनसुद्धा एकदा त्याने मागून पाहिली. आसपासच्या सगळ्या लोखंडावर जीव टाकणारा हा इसम ज्या एका चकतीसाठी त्याला घडवलंय, तिच्यापाशी आला की ढिम्म.

नवऱ्याकडे टॉर्च दिला होता. टॉर्च धरणाऱ्याला काम करणाऱ्यापेक्षा नेहमीच जास्त दिसतं, आणि दिसलेलं सांगायला त्याचं तोंड मोकळं असतं. "डावीकडे जरा," तो म्हणायचा. कोणाच्या डावीकडे, हे आत डोकं घातलेल्या बाईला कळायचं साधन नाही.

आमच्या कपाटाची दारं चौकटीच्या आत बसणारी, म्हणजे बंद झाल्यावर समोरून सगळं एका पातळीत. दिसायला फार देखणं. पण अशा दाराला आत किती जायचं हेही कॅचच ठरवतो. डबी जरा मागे सरकली तर दार आत खचतं, जरा पुढे आली तर दार दात पुढे आल्यागत दिसतं. डबीची भोकं म्हणूनच लांबट असतात, स्क्रू अर्धवट आवळून मागेपुढे करता यावं म्हणून. लांबट भोकाचा शोध लावणारा मनुष्य थोर असला पाहिजे. माणसाला नेमकं मोजता येत नाही, हे त्याने आधीच गृहीत धरलं होतं.

पण मागेपुढेपुरतंच. वरखाली नाही, तिरकं तर नाहीच. आणि खरी गोम इथे आहे. कॅच सगळ्यात शेवटी लागतो, त्यामुळे तोवरच्या प्रत्येक तडजोडीचा हिशेब, महिन्याअखेरीला साऱ्या कचेरीच्या पावत्या एकाच कारकुनापुढे पडाव्यात तसा, त्याच्यापुढे येऊन पडतो. फरशीचा उतार येतो. बिजागऱ्या येतात. दारातल्या ३५ मिलिमीटरच्या गोल खळग्यात बसणारी ही बिजागरी तीन दिशांना सरकते. दाराला दोन बिजागऱ्या, दारं दोन, म्हणजे एकूण बारा मतं. एकीला समजावलं की दुसरी बिनसते.

आणि पाठचा हार्डबोर्ड. तो पातळ फळा केवळ भिंत झाकायला आहे असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात कपाट काटकोनात धरून ठेवतो तो तोच. म्हणून त्याला खिळे मारण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे भरले तरच ठोकायचं. कोणताही सुतार हे झोपेत सांगेल. माहितीपत्रकातल्या हाताने मात्र सरळ हातोडी दाखवली होती, त्याच्याकडे मोजपट्टीच नव्हती. आमच्या कपाटाचे कर्ण चार मिलिमीटरांनी वेगळे निघाले. उजव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात त्यामुळे तिरकी फट पडली.

"कपाट हसतंय गं," सासूबाई म्हणाल्या.

त्यात बोर्ड भुशाचा. लाकडाचा भुगा आणि गोंद दाबून केलेली ही फळी स्क्रूला एकदाच मनापासून धरते. तोच स्क्रू मिलिमीटरभर शेजारी लावू म्हटलं की तो सवयीने जुन्या भोकात घरंगळतो. मग काडेपेटीच्या काडीचं डोकं तोडून, तिला लाकडाचा गोंद फासून, भोकात ठोकायची आणि वाळेपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसणं हा या कामातला सर्वांत अवघड टप्पा. शिवाय फळी १८ मिलिमीटरची, त्यामुळे १६चाच स्क्रू हवा. २०चा घेतला तर त्याचं टोक दाराच्या पुढच्या बाजूने बाहेर डोकावतं.

गोंद वाळेपर्यंत कुणावर तरी राग काढायला हवा म्हणून मी या सगळ्याचं मूळ शोधलं. १९५६ साली स्वीडनमध्ये गिलिस लुंडग्रेन नावाच्या गृहस्थांना एक टेबल गाडीत बसवायचं होतं. बसेना. त्यांनी त्याचे पाय काढले, आणि तिथून फर्निचर चपटं करून विकण्याची टूम फोफावली. त्याच्याही आधी, १८५९ साली, मिखाएल थोनेट यांनी लाकूड वाकवून १४ क्रमांकाची खुर्ची काढली होती. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. दोघेही हुशार, वादच नाही. पण माझ्या लक्षात आलं ते वेगळंच : एकाने टेबल केलं, एकाने खुर्ची. दाराच्या वाटेला दोघांपैकी कुणीही गेलं नाही.

दाराची गोष्ट अमेरिकेतली, आणि तीही १९५६चीच. तेव्हाच्या फ्रिजच्या दाराला बाहेरून खटका असे. खेळताना मुलं आत शिरत, दार लागे, आणि ते आतून उघडत नसे. त्यात मुलं दगावली. म्हणून कायदा झाला की दार आतून ढकलल्यावर उघडलंच पाहिजे. तिथून खटका गेला आणि दाराच्या रबरी पट्टीत चुंबक आला. हे वाचल्यावर चुंबकावरचा माझा राग बराच निवळला. नाहीतरी गोंद वाळलाच होता.

उरली चकती दारावर नेमकी कुठे हे ठरवणं. काही चकत्यांना मागे बारीक काटा असतो. चकती चुंबकाला चिकटवून दार लोटलं की काटा स्वतःच जागा टोचून ठेवतो. आमच्या चकतीला काटा नव्हता. मी तिच्या पाठीला लिपस्टिक लावली आणि दार दाबलं. दारावर स्वच्छ लाल ठसा उठला.

"अगं, जुनी तरी घ्यायचीस," सासूबाई.

ठशावर चकती बसली. दार लोटलं, टक् असा भरीव आवाज आला, आणि सगळं एका पातळीत. नवऱ्याने टॉर्च विझवला. आम्ही तिघं जरा मागे जाऊन बघत राहिलो. मग त्याने शेवटचं चित्र उघडलं. त्यात तो हात दाराला मूठ लावत होता.

मुठीचे स्क्रू दाराच्या आतल्या बाजूने लागतात. मुठी आणि त्यांचे स्क्रू खालच्या कप्प्यात, म्हणजे दारांच्या आत. डावं दार उजव्याच्या काठावरच्या पट्टीमागे दबलेलं. आणि समोर सहा किलोंची ओढ, धरायला काही नाही, चहूबाजूंनी नखही जाणार नाही अशी रेघ. आत असतो तर अमेरिकेच्या कायद्याने सुटलो असतो. बाहेरच्यांसाठी कुणी काही केलेलं नाही.

नवऱ्याने सेलोटेप दाराला चिकटवून ओढून पाहिली. टेप निघाली. मी तळव्यांनी दार खेचायचा प्रयत्न केला, तर अख्खं कपाट पुढे आलं.

"अगं, ते हसतंय तिथून घाल की काहीतरी," सासूबाई म्हणाल्या.

वरच्या कोपऱ्यातल्या तिरक्या फटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक अलगद गेलं. जरासा पीळ दिला आणि दार उघडलं. मुठी लावून झाल्या. पाठचा हार्डबोर्ड उचकटून कर्ण पुन्हा जुळवावेत, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. सासूबाईंचा आणि माझा त्याला ठाम विरोध आहे.