सल्ला फुकट, बाटली विकत

परवा कट्ट्यावर नाना जरा तापलेलेच होते, म्हणे कृषी सहायक गावात यायचा तो फक्त पंचनाम्याला आणि ई-केवायसीला, मग हे सगळं खातं सल्ल्यासाठी पोसायचं कशाला, द्या प्रायव्हेटला, ज्याला पाहिजे तो पैसे देऊन सल्ला घेईल. (2025 पासून कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी म्हणायचंय, पण आमच्याकडे अजून कोणाच्या तोंडात ते बसलेलं नाही.)

नानांचं एका अर्थी बरोबर आहे, आमच्या निफाड भागात द्राक्षवाले कन्सल्टंटला एकरी फी देतातच, छाटणी झाली की बागेत फेरी, व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो, पाऊस झाला की रात्री अकराला मेसेज की उद्या डाऊनीचा (द्राक्षावरच्या बुरशीचा) स्प्रे चुकवू नका. फी टोचत नाही कारण ऑक्टोबर छाटणीनंतर एक फवारणी हुकली तर घडच हातचे जातात.

पण दाजी आलेले परभणीहून, ते एवढंच म्हणाले, नाना तुमचा माल एक्स्पोर्टला जातो, माझं चार एकर सोयाबीन आहे, त्याच्या भावात बियाणं-खत निघालं तरी पुष्कळ, मी कन्सल्टंटला काय देऊ आणि तो माझ्या बांधावर येईल तरी कशाला?

यावर मास्तर मोबाईल काढून सांगायला लागले, की एनएसएसओच्या (केंद्र सरकारच्या नमुना पाहणीवाल्या संस्थेच्या) 2003 च्या पाहणीत शंभरातल्या साठ शेतकऱ्यांनी कुठूनच शेतीची माहिती घेतली नव्हती, सरकारी माणसाकडून घेणारे सहासुद्धा नव्हते आणि दुकानदाराकडून घेणारे तेरा. जुना आकडा आहे हो, पण आमच्याकडे चित्र फार बदललंय असं मला तरी वाटत नाही, म्हणजे खाजगीकरण कधीच झालंय, फक्त त्याची पावती सल्ल्याच्या नावाने फाटत नाही, औषधाच्या नावाने फाटते.

दाजींचाच किस्सा घ्या. 2023 ला सोयाबीन पिवळं पडलं, येलो मोझॅक, दुकानदाराने एक बुरशीनाशक आणि वर एक टॉनिक दिलं. व्हायरसला औषधच नाही, सुरुवातीला दिसलेली झाडं उपटायची आणि पांढरी माशी आटोक्यात ठेवायची, सगळं रान पिवळं झाल्यावर वरून काय पण ओता. आता "काहीच मारू नका, पैसे वाचवा" हे दुकानदार कसं सांगणार, त्याचं पोट बाटलीवर आहे. हे सांगू शकतो तो फी घेणारा किंवा पगार घेणारा, आणि फी घेणाऱ्यांतही काहींची स्वतःची कंपनी असते, फवारणीच्या शेड्युलमध्ये त्यांचंच प्रॉडक्ट आठ ठिकाणी. नाना इथे गप्प बसले, कारण त्यांचा आधीचा कन्सल्टंट तसलाच निघाला होता.

माझं म्हणणं असं की द्राक्ष-डाळिंबवाल्याने फी खुशाल द्यावी, पण म्हणून सरकारी खातं मोडू नका. 2010 ला सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखायचं औषध) रेसिड्यूमुळे, म्हणजे मालात उरलेल्या अंशामुळे, आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा एकट्या कन्सल्टंटच्या हातात काय होतं? रेसिड्यूचं काम पुण्याजवळच्या मांजरीच्या सरकारी द्राक्ष संशोधन केंद्राकडे आहे, आणि फी घेणारे पण तिथलंच वाचून आपल्याला सांगतात ना. उलट त्या सहायकाच्या मागचे पंचनामे आणि पोर्टल काढा आणि त्याला बांधावर पाठवा, मग बघू तो कामाचा आहे का नाही.

नाना म्हणाले हे व्हायला पन्नास वर्षं लागतील, त्यापेक्षा दाजी तुम्ही गावातले पंचवीस सोयाबीनवाले मिळून एक ॲग्री शिकलेला पोरगा सल्ल्याला ठेवा, माणशी कितीसे येतील.

दाजी हसले, "नाना, आमच्यात विजेची डीपी जळाली तर पंचवीस जणांची वर्गणी निघत नाही."

"आमच्यात तरी कुठं निघते," मास्तर म्हणाले, आणि मग मागच्या डीपीला कोणी किती दिले होते यावरून जे सुरू झालं ते टपरीवाल्याने शटर ओढेपर्यंत.