साडेपंधरा तास

आज सकाळी नात्यातल्या एका मुलीने आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले की, सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीला यायला किती वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात कोणीतरी अंतर मोजणाऱ्या एका संकेतस्थळावरचे उत्तर डकवले : १२,४०० किलोमीटर, साडेपंधरा तास. खाली अंगठ्यांची रांग लागली. मला जे लिहावेसे वाटत होते ते वडीलधाऱ्यांसमोर लिहिण्याजोगे नव्हते, म्हणून इथे लिहितो आहे.

हा आकडा मला पाठ आहे. काही वर्षांपूर्वी बाबा दिल्लीत अतिदक्षता विभागात होते आणि मी सॅन फ्रान्सिस्कोत. ताईने असाच आकडा काढून त्यांना सांगितले, "साडेपंधरा तासांत येतोय तो." बाबांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहून ठेवली.

हे साडेपंधरा तास येतात कुठून? पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमधली सर्वांत जवळची रेघ घ्यायची, जी इथे उत्तर ध्रुवाच्या जवळून जाते, आणि तिला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे. झाले! यात वारा नाही, बंद आकाश नाही, सुरक्षा तपासणीची रांग नाही. २०१६ साली एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले, तेव्हा ते अधिक लांबून जाऊनही लवकर पोहोचू लागले, कारण पाठीशी वारा होता. २०२२ मध्ये युरोपीय विमानांना रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकीहून टोकियोला लागणारे नऊ तास तेराच्या घरात गेले. शहरे आपापल्या जागीच होती.

मला थेट विमानात जागा मिळाली नाही. घर सोडल्याला साडेपंधरा तास झाले, तेव्हा मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर एका खांबाला पाठ टेकून, फोन चार्जिंगला लावून फरशीवर बसलो होतो, आणि पुढच्या विमानाला साडेसहा तास होते. त्याच सुमारास बाबा दाराकडे पाहू लागले, असे ताईने नंतर सांगितले. तिने तो आकडा सांगितला नसता तर ते निदान झोपले तरी असते, असा राग मी बरेच दिवस तिच्यावर धरला.

पूर्वी याच प्रवासाला बोटीने महिने लागत, हे मान्य. पण बोटीने निघालेल्या माणसाची वाट कोणी तासांत पाहत नसे.

आणि खरे सांगायचे तर, लिहिता लिहिता ताईवरचा तो राग आता मलाच लाजिरवाणा वाटतो आहे. रात्रभर त्या खोलीत एकटीने बसून बाबांना धीर देण्यासाठी तिच्या हाती दुसरे होते तरी काय? मी तिला फ्रँकफर्टची गोष्ट फोनवर सांगितली होती. बाबांना ती सांगण्याचे तिला धाडस झाले नाही.

मी एकतिसाव्या तासाला पोहोचलो. बाबांनी आधी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पुटपुटले, "गाडी चुकली का रे?"

त्या मुलीला आता वेगळा निरोप पाठवतो आहे : दीड दिवस धर, आणि घरी दोन दिवस सांग.