दुधाच्या गावचे, चहाच्या गावात

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुन्नारला गेलो. गाडीत सहा माणसं, चार किलो चिवडा आणि मेहुणा. त्याला वेगळाच मोजावा लागतो.

पहिल्या सकाळी ड्रायव्हरनं यादी वाचली: दिवसाला आठ पॉइंट. पन्हाळ्यावर तीन दरवाजा आणि सज्जा कोठी बघून झुणका-भाकरीवर आडवं होणाऱ्या माणसानं आठ पॉइंट कसे उरकायचे? पण खरं दुखणं वेगळंच. हॉटेलातला चहा. कपाचा तळ स्वच्छ दिसत होता. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून घेऊन ग्लास तोंडाला लावणारी आमची जात; आम्हाला तो चहा कप विसळल्यासारखा वाटला.

तिथले डोंगर मात्र झकास! सगळे नुकतेच कटिंग करून आल्यासारखे. चहाचं झाड मोकळं सोडलं तर चांगलं उंच वाढतं. पानं खुडायला हाताशी यावीत म्हणून त्याला छाटून कमरेएवढं ठेवतात. कारखान्यातल्या माणसानं दोन पानं आणि एक कळी खुडण्यापासून पानं सुकवणं, चिरडणं, हवेनं तांबूस होऊ देणं, मग वाळवणं असं सगळं मन लावून सांगितलं. शेवटी म्हणाला, "काही विचारायचंय?"

मेहुण्यानं हात वर केला. "एकरी टन किती पडतो? आणि बिल चौदा दिवसांत मिळतं का?"

त्या माणसानं उत्तर न देता चहा दिला. बिनदुधाचा. चांगल्या चहात दूध घालू नये म्हणाला. आमच्या आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तिच्या गोठ्याचा अपमान केला.

एरविकुलमला उद्यानाच्या बसमधून वर गेलो. समोर 2,695 मीटरचं अनामुडी, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर, आणि रस्त्याकडेला निवांत चरणारे निलगिरी ताहर. रानबकऱ्यासारखा दुर्मीळ प्राणी. मेहुणा कानाशी आला, "दाजी, हे किती किलो भरंल?" त्याच्या डोळ्यांत तांबडा-पांढरा रस्सा तरंगत होता. मी त्याला बायकोच्या पलीकडं उभं केलं.

तिथं नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते. 2018 ला फुलली, आता 2030 ला. "मग आत्ता कशाला आणलंत?" बायकोनं विचारलं. जणू मीच वेलीला तारीख दिली होती. वेल नाही, झुडूप आहे, एवढं सांगून मी आणखी मार खाल्ला.

माट्टुपेट्टीला 1963 साली स्विस मदतीनं गाईंच्या पैदाशीचा प्रकल्प सुरू झाला होता, हे ऐकून आईला जरा आशा वाटली. पण गाई! म्हैस नाही म्हटल्यावर तिनं खिडकीची काच वर केली.

मग इको पॉइंट. लोक तळ्याकडं तोंड करून एकमेकांची नावं हाकारत होते. मेहुण्यानं छाती भरून घेतली आणि सोडली, "जोतिबाच्या नावानं..."

पलीकडच्या डोंगरानं तोंड उघडायच्या आत मागनं तीस-चाळीस गळ्यांचं "चांगभलं!" आलं.

वळून बघतो तर एक ट्रॅव्हल्स, कागलची. आचारी सोबत, स्टोव्ह पेटलेला, पातेल्यात आलं घातलेला दुधाळ चहा चढउतार करतोय. "या पावणं," म्हणत त्यांनी कप भरले. आईनं पहिला घोट घेतला आणि चार दिवसांनी हसली.

मेहुणा मिशी पुसत म्हणाला, "लई भारी! शेवटी चहा मुन्नारचाच."

"न्हाई वो," आचारी म्हणाला, "पावडर गावाकडनंच आणलीया."