पोपडे, चुंबक आणि जुन्या वेबर केटलचा लाल रंग

ओहायोत राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने गेल्या आठवड्यात एका गॅरेज सेलमधून कोळशावर चालणारी जुनी लाल वेबर केटल, म्हणजे मांस भाजायची झाकणाची गोल शेगडी, विकत घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ड्रिलला तारेचे चाक लावून तिचे झाकण आतून घासायला सुरुवात केली. मी फोनवरून त्याला थांबवले, तोवर तळहाताएवढ्या जागेतले एनॅमल, म्हणजे पत्र्यावरचा काचेसारखा थर, निघून खालचे पोलाद उघडे पडले होते. हा उद्योग त्याला सुचवला तो अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरणाऱ्या एका संदेशाने. त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: झाकणाच्या आतून पोपडे सुटत असतील तर तो विषारी रंग आहे, म्हणून तो पोलादापर्यंत खरवडून वर उष्णतारोधक स्प्रे मारावा, चुंबक चिकटले तर फिनिश नकली समजावे, फिकट लाल ही वेगळी, दुर्मिळ छटा आहे, आणि झाकणावर उत्पादनाचे वर्ष दाखवणारे अक्षर नसेल तर केटल बनावट आहे.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण तो वाचून माणसे चांगल्या वस्तू कायमच्या खराब करतात. वेबर कंपनी स्वतः सांगते की केटल आतून रंगवलेली नसते, त्यामुळे तिथे रंगाचे पोपडे सुटणे शक्यच नाही; दिसते ती मांसातून उडालेली चरबी आणि धूर यांची जळून झालेली काजळी. अनेक वर्षांच्या वापराने तिचा थर जाड होतो, वाळतो आणि जुन्या भिंतीच्या रंगासारखा सुटू लागतो. कंपनीच्या शब्दावर विश्वास नसेल तर एक खपली बोटांत चुरडून पाहावी. काजळीची काळी भुकटी होते. एनॅमलचा टवका असेल तर तो काचेसारखा कडक असतो आणि बोटाला टोचतो. गरम पाणी, साबण, नायलॉनची घासणी आणि प्लास्टिकची पट्टी एवढ्यावर हे काम अर्ध्या तासात होते.

उलट एनॅमल म्हणजे काच असते. काचेची पूड पोलादी पत्र्यावर चढवून भट्टीत साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळवली की ती पत्र्याला एकजीव होऊन बसते, आणि घरी तो थर परत चढवण्याची कोणतीही सोय नसते. उघडे पडलेले पोलाद लगेच गंजू लागते. शिवाय चाकाने किंवा सँडब्लास्टिंगने (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने) उडालेली धूळ ही काचेची धूळ असते, तिच्यात जुन्या रंगद्रव्यांतले जड धातूही असू शकतात, आणि ती श्वासातून आत जाते. विषाची भीती घालणारा संदेश नेमके तेच करायला सांगतो याचा मला संताप येतो. अन्नाच्या थेट वर असणाऱ्या पृष्ठभागावर स्प्रेचा रंग मारायचा सल्ला तर कोणीही मानू नये, कारण तो रंग मात्र पुढे खरोखरच पोपड्यांनी सुटेल.

चुंबकाच्या चाचणीवर फार शब्द घालवण्याची गरज नाही. एनॅमल पोलादावरच चढवलेले असते, म्हणून अस्सल केटलला चुंबक चिकटतेच. आपल्या आजीच्या घरातल्या निळ्या काठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या बशीला चुंबक लावून पाहिले असते तरी हे कळले असते. त्याच बशीचा टवका उडाल्यावर खाली जो गडद थर दिसायचा, तोच या केटलच्या काठावरही दिसतो. काच पत्र्याला घट्ट धरून राहावी म्हणून तळाच्या थरात कोबाल्टची संयुगे घालतात.

छटांच्या बाबतीत मात्र संदेशात थोडे तथ्य आहे, हे मला मान्य करावे लागेल. काळ्या केटल सर्वत्र सापडतात, आणि जुन्या पिवळ्या, निळ्या, हिरव्या किंवा तपकिरी केटलसाठी संग्राहक खरोखरच जास्त पैसे मोजतात. लाल एनॅमल भट्टीच्या तापमानाला विशेष संवेदनशील असते, त्यामुळे एकाच कारखान्यातल्या दोन लाल झाकणांत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. पण असा फरक म्हणजे वेगळा प्रकार नव्हे, आणि मळकटपणा म्हणजे तर वेगळी छटा मुळीच नव्हे. काचेत बद्ध झालेला रंग उन्हाने कापडासारखा विटत नाही. वर्षानुवर्षे खरखरीत पावडरीने घासल्यामुळे चकाकी जाते किंवा वर चरबीचा पातळ थर बसतो, म्हणून तो फिकट दिसतो. म्हणून आधी झाकण धुवावे, आणि मग मुठीखालची किंवा हवेच्या झडपेच्या चकतीखालची झाकलेली जागा बाकीच्या पृष्ठभागाशी दिवसाच्या उजेडात ताडून पाहावी. कोणी नंतर रंग मारल्याचा संशय असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवावा. स्प्रेचा रंग कापसावर उतरतो, एनॅमलला काहीच होत नाही. बोल्टच्या डोक्यांवर किंवा रिव्हेटवर लाल रंगाचे शिंतोडे दिसले तर चाचणीचीही गरज नाही.

अक्षराचा दावाही अर्धाच खरा आहे. झाकणावरच्या झडपेच्या चकतीवर वर्षाचे अक्षर असते आणि वर्ष ठरवायला ते उपयोगी पडते, परंतु ही पद्धत १९७९ साली ‘ए’ या अक्षराने सुरू झाली. जॉर्ज स्टीफन यांनी शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये समुद्री बोयाच्या अर्धगोलापासून पहिली केटल केली ती १९५२ साली. म्हणजे मधल्या सत्तावीस वर्षांच्या, ज्यांना संग्राहक सर्वांत जास्त जपतात त्या केटल या संदेशाच्या हिशेबाने बनावट ठरतात. अक्षर असले तरी ते झाकणाचे वर्ष सांगते. खालचे भांडे दुसऱ्याच केटलचे असू शकते, म्हणून दोन्हींचे रंग जुळतात का ते पाहावेच लागते.

मेहुण्याच्या झाकणावर अक्षर नाही, आणि मुठीखालचा लाल रंग बाकीच्या लालशी तंतोतंत जुळतो. आतल्या उघड्या जागेवर आता दर वापरानंतर स्वयंपाकाच्या तेलाचा पातळ हात फिरवत राहणे एवढेच त्याच्या हाती उरले आहे.