रक्तदाब आणि स्मृतिभ्रंश : ‘संबंध नाही’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

सध्या मोबाइलवरून फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा आहे : स्मृतिभ्रंश हा वयाचा आणि जनुकांचा भाग आहे, हृदय-रक्तवाहिन्यांच्या तक्रारींशी त्याचे देणेघेणे नाही, उतारवयात रक्तदाब वाढणारच, आणि मेंदूला रक्त पोचायचे तर तो वाढलेला बरा, मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असल्याने ते उतरवणाऱ्या गोळ्या स्मरणशक्ती खातात, साखर मात्र जितकी खाली तितका मेंदू तल्लख. या सगळ्यात सत्याचा थोडाथोडा अंश मिसळलेला आहे, म्हणूनच हा मजकूर हसण्यावारी नेता येत नाही.

पहिला मुद्दा वयाचा आणि जनुकांचा. वय हा सर्वांत मोठा धोका आहे आणि एपीओई जनुकाच्या एका प्रकारामुळे अल्झायमरची शक्यता बरीच वाढते, हे निर्विवाद आहे. पण तेवढ्यावरून उरलेले सगळे घटक बाद होत नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे चौदा घटक मांडले आणि जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाशी त्यांचा संबंध असल्याचा अंदाज दिला, उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि मध्यमवयातले वाढलेले एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे) कोलेस्टेरॉल ही हृदयरोगाच्या यादीतली ओळखीची नावे त्यात आहेत. (हा आकडा लोकसमूहाचा आहे, एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘याने काळजी घेतली नाही’ असे म्हणण्यासाठी तो वापरता येत नाही.)

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, तरी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो वापरतो. मेंदूच्या खोल भागात रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमनीतून थेट फुटतात, त्यामुळे रक्ताचा दाब वाटेत फारसा न ओसरता त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षे तो चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, पोकळी अरुंद होते, आणि गरजेप्रमाणे रक्ताचा ओघ कमी-जास्त करण्याची त्यांची क्षमता घटते. एमआरआयमध्ये याच्या खुणा पांढऱ्या डागांच्या रूपात दिसतात. अशा माणसाची तक्रार सुरुवातीला बहुधा विसरण्याची नसतेच. त्याला घड्याळाचे चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले, तर त्याला अकरा आणि दहा हे दोन्ही आकडे आठवतात, पण काटे कुठे ठेवायचे याचा हिशेब जुळवताना तो अडखळतो. शंभरातून सात-सात वजा करताना उत्तरे बरोबर येतात, मात्र फार सावकाश. घरच्यांना हे ‘वय झाले’ असे वाटते, आणि तिथेच मजकुराचे फावते.

अल्झायमर वेगळा आणि रक्तवाहिन्यांचा विकार वेगळा, अशी सरळ वाटणीही टिकत नाही. अमेरिकेतील ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) मेंदूंच्या शवतपासणीवर आधारित एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्या मेंदूंमध्ये रक्तपुरवठा तुटून मेलेले लहान-लहान भागही होते, त्या स्त्रियांना हयातीत स्मृतिभ्रंश असण्याचे प्रमाण बरेच अधिक होते.

दुसरा मुद्दा अधिक फसवा आहे. ऐंशीच्या पुढे कमी रक्तदाब असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंश अधिक आढळतो, असे काही निरीक्षणे खरोखरच सांगतात. पण स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून मेंदूतले बिघाड सुरू झालेले असतात, आणि त्याच काळात वजन व रक्तदाब उतरू लागतात; म्हणजे पुष्कळदा कमी रक्तदाब हे आजाराचे कारण नसून त्याची सावली असते. खरा धोका दिसतो तो मध्यमवयातल्या चढ्या रक्तदाबात. तो उतरवून काय होते, याची परीक्षा अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीने घेतली. पन्नाशीपुढील ९,३६१ जणांपैकी निम्म्यांचा वरचा आकडा १२०च्या खाली आणि बाकीच्यांचा १४०च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. पहिल्या गटात बोधनाची (म्हणजे आठवणे, समजणे, विचार करणे या क्षमतांची) सौम्य घट १९ टक्क्यांनी कमी आढळली; स्मृतिभ्रंशही कमी दिसला, परंतु तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, कारण हृदयाला झालेला फायदा स्पष्ट होताच उपचार मुदतीआधी थांबवले गेले होते. ती उणीव चीनच्या ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवरील चाचणीने बरीच भरून काढली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले : चार वर्षांत स्मृतिभ्रंशात १५ टक्के घट. अतिवृद्ध आणि उठताना चक्कर येणाऱ्या माणसाचे लक्ष्य डॉक्टर सैल ठेवतात ते योग्यच. त्याचा अर्थ वाढलेला दाब मेंदूला पोसतो असा नव्हे.

कोलेस्टेरॉलबाबत एक साधी गोष्ट मजकुरात गाळलेली आहे : मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, रक्तातले कोलेस्टेरॉलवाहक कण त्याच्याभोवतीचा अडसर ओलांडून आत जात नाहीत. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्या काहींना विसराळूपणा जाणवल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात सूचना घातली, पण हा त्रास गंभीर नसतो आणि औषध थांबवल्यावर जातो, असेही त्याच वेळी सांगितले. ब्रिटनमधल्या २०,५३६ जणांच्या चाचणीत स्टॅटिन घेणारे आणि न घेणारे यांच्या बोधनात फरक आढळला नाही. म्हणजे स्टॅटिनने मेंदू बिघडला नाही. तो वाचला असेही त्या चाचणीतून सिद्ध होत नाही.

साखरेविषयी थोडक्यातच. मधुमेहाने धोका वाढतो, परंतु साखर अतिकाटेकोरपणे खाली ठेवून बोधन सुधारल्याचे मधुमेहींवरील ‘अकॉर्ड’ चाचणीत दिसले नाही, आणि साखर एकाएकी फार उतरणे मेंदूला घातकच.

मजकूर संपतो तो ‘आजच गोळ्या बंद करा’ या वाक्याने. क्लोनिडीन किंवा बीटा-ब्लॉकर यांसारखी रक्तदाबाची औषधे अचानक थांबवली, तर रक्तदाब किंवा हृदयाचा वेग उसळून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. त्यामुळे ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि टप्प्याटप्प्यानेच कमी केली जातात.