डंपस्टर कुणाचा? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घराचं काम काढलं की कॉन्ट्रॅक्टर राडारोड्यासाठी डंपस्टर, म्हणजे मोठा उघडा कंटेनर, भाड्याने आणतो; त्यात आपलं सामान टाकण्याआधी त्याला विचारा, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर "डंपस्टरचं भाडं शेवटी आमच्याच खिशातून जातं, मग त्यात जुना सोफा टाकायला कॉन्ट्रॅक्टरची परवानगी कशाला? तुम्ही लोकांना उगाच दबून राहायला शिकवताय," असं तुम्ही लिहिलंत. आणि तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्याच कुणाच्या घराचा राडारोडा तुमच्या डंपस्टरमध्ये आणून ओतला, हेही.

या दुसऱ्या गोष्टीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. माझ्या लेखात ती यायला हवी होती, राहून गेली.

पहिली मात्र पटत नाही. पैसे तुमचे, पण त्या पैशांचा हिशेब कॉन्ट्रॅक्टरने त्याच्या तोडफोडीपुरता मांडलेला असतो. 20 यार्डांचा (म्हणजे घनयार्डांचा) डंपस्टर म्हणजे 540 घनफूट. ऐकायला भरपूर वाटतं, पण जुनी कॅबिनेटं आतून पोकळ, ती न मोडता टाकली की जागा खातात. आणि बाथरूमचं काम असेल तर जागेआधी वजनच संपतं. भाड्यात ठरावीक टन धरलेले असतात, त्यावर गेलं की टनामागे जादा आकार. टाइल्स आणि त्यांच्याखालचा सिमेंटचा थर पडला की डंपस्टर अर्धा रिकामा दिसतो, पण मर्यादा गाठलेली असते.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी काम सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी डंपस्टर आला. रविवारी आम्ही कुणाला न विचारता बेसमेंटमधलं कार्पेट, दोन गाद्या आणि एक कपाट त्यात टाकलं. रात्री पाऊस झाला, वर ताडपत्री नव्हती. सोमवारी माणसं आली, ती आधी आमचं भिजून जड झालेलं सामान उपसून नीट रचत बसली. काठाच्या वर माल गेला तर ट्रकवाला उचलत नाही, म्हणून पुढे दुसरा डंपस्टर मागवावा लागला. तो खर्च आम्ही दिला आणि तो आमचाच होता. त्या माणसांची वाया गेलेली सकाळ मला अजून बोचते.

विचारा असं म्हटलं ते यासाठी. तेही करार करतानाच: किती यार्ड, किती टन, जादा वजन कुणाच्या माथी, आपल्याला किती जागा, आणि बाहेरचा माल येणार नाही हे लेखी. मग तोडफोड आटोपल्यावर उरलेल्या जागेत सोफा खुशाल टाका. टीव्ही आणि कंप्युटर नको. न्यू जर्सीत 2011 पासून ते कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे. फ्रीज आणि पातळ रंगाचे डबेही नकोत.

तुमचा शेवटचा हप्ता अजून द्यायचा असेल, तर आधी डंपस्टर रिकामा केला तिथल्या वजनकाट्याची पावती मागून घ्या. बाहेरच्या राडारोड्याचे फोटो असतील तर ते जोडून, त्यामुळे वाढलेल्या वजनाचा आकार मान्य नाही, असं ई-मेलवर कळवा. तोंडी बोलू नका.