कोळ्याला कीटकांच्या रांगेतून काढा

मुलांच्या कीटक-कला प्रदर्शनावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. कालच लेकीला घेऊन जाऊन आले. चादरीच्या कारखान्यातल्या उरलेल्या सुताचा सुरवंट बघून तिथंच थबकले. लाल-हिरवे गोंडे, एकेक पोरांनी हातानं वळलेला, डोळ्यांच्या जागी दोन मोहऱ्या. आमचे सासरे मागावर बसायचे, ते सूत मला लांबूनही ओळखू येतं. फार गोड काम केलंय पोरांनी!

एक मात्र कळकळीनं सांगते. कोळ्याला कीटकांत बसवलंय. त्याला पाय 8, कीटकाला 6. तो कीटक नव्हे. बऱ्याच चित्रांत कीटकांचे पाय पोटाला चिकटवलेत, खरे तर ते छातीला असतात. पाटी तेवढी बदला, पोरं जे बघतात तेच धरून बसतात.

आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा नाकतोडा कसा राहिला? माळढोक पक्ष्याचं ते खाणं. आपल्या सोलापूरचा कीटक म्हणून पहिला मान त्याचाच.

घरी आल्या आल्या लेकीनं कुंडीतल्या लिंबाची पानं उलटून बघितली. एका पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी इवलीशी अळी सापडली. आता रोज शाळेत जाण्याआधी तिला बघून जाते.